घोंगडीखालचं इंजिन

व्हॅनचा बंपर गहिनीनाथच्या पोटरीला येऊन टेकला तेव्हा तो रस्त्याकडे पाठ करून फळीवरचे पाने लावत होता. धक्का म्हणावा असा तो नव्हताच. वासराने मागून येऊन नाक लावावं, एवढाच. पण तेवढ्याने गहिनीनाथच्या हातातला दहा-अकराचा पाना सुटला, खालच्या पत्र्यावर पडला, दोनदा उसळला, आणि त्याचा आवाज झाला नाही. म्हणजे झालाच असणार; पत्रा आहे, पाना आहे, न होऊन सांगतो कुणाला. शेजारच्या पंक्चरवाल्या लखनने दचकून मान वर केली, म्हणजे झालाच. फक्त तो गहिनीनाथपर्यंत आला नाही. त्याने मागे वळून पाहिलं तर काचेआड वर्षाराणी हसत होती, आणि तिची ती पांढरी, जुनी, दार सरकवताना अजून शिव्या देणारी व्हॅन जागच्या जागी अंगात आल्यासारखी घुमत होती. एवढी घुमणारी वस्तू रस्ता सोडून, उतार उतरून, शेडच्या आत येऊन आपल्याला टेकली, आणि आपण पाने लावत होतो.

"मामा, मी हारन वाजवणार हुते," वर्षाराणी खिडकीतून म्हणाली, "पण म्हणलं बघू तरी, किती वेळ न वळता उभं ऱ्हातेत. तुमी तर हललाच न्हाईत!"

"हलायचं काय त्यात," गहिनीनाथ म्हणाला. "तू कॅनॉलच्या पुलावर हुतीस तवाच वळखलं. म्हणलं, येऊ दे पोरीला."

तिचे ओठ दिसत होते म्हणून उत्तर तरी देता आलं. आणि उत्तर आपोआप निघालं, जिभेला तसं वळणच पडलं होतं. माजलगावात बायपासच्या कडेला गहिनीनाथ मिस्त्रीचं पत्र्याचं शेड आहे आणि त्या शेडात मावणार नाहीत इतक्या त्याच्या कानाच्या गोष्टी आहेत. त्यांतल्या निम्म्या खऱ्या. कोणत्या निम्म्या, ते गावाने अजून ठरवलेलं नाही. तेलगावच्या एका लग्नात म्हणे पंगत बसली होती, बाहेर बेंजो पार्टी आभाळ फाडत होती, आणि गहिनीनाथने बुंदीचा घास हातात तसाच धरून सांगितलं, "फाट्याच्या अलीकडं एक जीप उभी हाय, तिचा वॉल अडकलाय." दोघंजण हसत हसत गेले आणि नवरीच्या मामाला जीपसकट ओढून घेऊन आले, म्हणून अक्षता वेळेवर पडल्या. गळिताच्या दिवसांत एकदा तो झोपेतून उठून बसला म्हणे, "कारखान्याचं एक बेअरिंग कोरडं पडलं," असं म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा झोपला. सकाळी बघतात तर उसाच्या गाड्यांची रांग पार गावात आलेली. धरणाच्या भिंतीला कान लावून पाणी कुठवर आलंय ते सांगतो, ही गोष्ट तर त्यानेच एकदा टपरीवर सोडून दिली होती. पुढे आष्टीकडच्या एका ड्रायव्हरने ती त्यालाच ऐकवली, मध्ये एक मगर घालून. गहिनीनाथने मगर काढली नाही. आपल्या गोष्टीला दुसरं कुणी जीव लावत असेल तर आपण कशाला मध्ये पडा.

आणि आता तो कान गेला होता. एकदम गेला असता तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं. बिऱ्हाड हलवणाऱ्या भाडेकरूसारखा तो एकेक सामान घेऊन गेला. आधी चिमण्या गेल्या. गहिनीनाथला वाटलं, चिमण्याच कमी झाल्या. पेपरातही तसंच छापून आलं होतं. मग फोनची रिंग गेली. त्याने फोन बदलला. मग इंजिनातली बारीक टिकटिक गेली, ती टिकटिक जिच्यावर त्याने आयुष्य काढलं होतं, आणि तेव्हाही कितीतरी दिवस तो मनाशी म्हणत राहिला, चला, लोक आता वेळच्या वेळी ऑइल बदलायला लागले. डाव्या बाजूला कुणी सरकी न काढलेला कापूस ठासून भरावा तसं झालं. उजवीकडे नुसता घुमारा उरला: उसाचा ट्रॅक्टर गेला की तळपायातून वर येणारा, पोटात बसणारा. माणसांचं बोलणं त्या घुमाऱ्यात बुडालेल्या दगडांसारखं, कुठे वर आलेलं, कुठे खाली. तो ओठ बघायला शिकला. इंजिनचं झाकण उघडलं की चहाचा ग्लास त्यावर ठेवायला शिकला. चहावरच्या थरथरीतून इंजिन कसं चाललंय ते अर्धंमुर्धं कळायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्रींची तऱ्हा आहे. डोळे मिटून, मान तिरपी करून उभं राहायचं तेवढं मात्र त्याने सोडलं नाही. मिटलेल्या डोळ्यांआड काही नसायचं, पण बाहेर शेड गप्प व्हायचं, तेवढं कातडीला कळायचं.

गेल्या बाजाराच्या दिवशी वर्षाराणी व्हॅन सकाळी आचके देते ही तक्रार घेऊन आली होती तेव्हाही तो तसाच उभा राहिला होता. बराच वेळ. आणि डोळे उघडून म्हणाला होता, "मधला." तीन सिलिंडरांच्या इंजिनात मधला म्हणायला काय जातं, बऱ्याचदा मधलाच असतो. मधला प्लग बदलला, दुपारच्या उन्हात व्हॅन देवासारखी चालली, वर्षाराणी खूश, लखन म्हणाला, "कान हाय का मशीन हाय बे!" आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सकाळी व्हॅनने पुन्हा आचके द्यायला सुरुवात केली.

"आज काय त्ये निकाल लावा, मामा," वर्षाराणी आता खाली उतरून, त्याच्या समोर येऊन सांगत होती. मागच्या सीटा काढलेल्या व्हॅनमध्ये तिचं दुकान होतं: आरसा, दिव्यांची पट्टी, फिरती खुर्ची, रंगांच्या पेट्या. गावोगाव जाऊन ती नवऱ्या सजवायची. तुळशीचं लग्न झाल्यापासून तिला श्वास घ्यायला सवड नव्हती. "उद्या आष्टीकडं लगीन हाय. तांबडं फुटायच्या आत निघावं लागतंय, अन् ही बया थंडीतच रुसती. दव पडलं की लई आचके. घाटात बंद पडली तर मी एकलीच हाय वो, गाडी ढकलायला नवरीला बोलवू का?"

"दुसऱ्याकडं न्हेली हुतीस का?"

"न्हेलती की. त्या पोरानं कॉम्प्युटर आणला, गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, अन् म्हणला, ताई, हिला वायर जोडायला जागाच न्हाई." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "तुमच्या कानावर भरवसा हाय म्हणून आले. तुमी 'जा' म्हणलात की मी जाते. न्हाईतर भाड्याची गाडी सांगते आत्ताच."

तुमी 'जा' म्हणलात की मी जाते. गहिनीनाथ सीट उचलायला वाकला, कारण चेहरा कुठेतरी ठेवायला पाहिजे होता. या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली असतं. सीट मागे लोटली की पेटीतल्या देवासारखं दिसतं. त्याने चहाचा ग्लास एअर क्लीनरवर ठेवला. चहा गोल गोल लाटा काढत होता, मध्येच लाट मोडायची, पुन्हा धरायची. चुकतंय, एवढं चहाला कळत होतं. कोण चुकतंय ते चहा सांगत नव्हता. पूर्वी तो नुसता जवळून गेला तरी तीन वेगळे आवाज तीन वेगळ्या दोऱ्यांसारखे हातात यायचे आणि ढिला कोणता ते बोटांना कळायचं. आता तिन्हींचा एकच जाडजूड दोर झाला होता आणि तो दोर कुणीतरी लांबून, खूप लांबून हलवत होतं.

त्याला बाप आठवला. शहादेव मेंढ्यांमागे फिरायचा, आणि कळपात कोण खोकली ते पाठमोऱ्याने सांगायचा, काळ्या कानाची, लंगडीची बहीण, असं नातं लावून. आपला कान बापाकडून आला, ही एक गोष्ट गहिनीनाथ सांगत असे आणि ती खरी होती. न सांगितलेली अशी की बाप म्हातारपणी कळपात उभा राहायचा, मान तिरपी, डोळे मिटलेले, आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं, ऐकतोय. घरातल्या बायका तोवर त्याच्या समोर बसून त्याच्याचविषयी बोलायला लागल्या होत्या, हसून, नेहमीच्या आवाजात, आणि बाप मान डोलवायचा. मान डोलवणारा बाप. हे कुठून वर आलं? गहिनीनाथने एकदम मान उचलून शेडच्या मागच्या दाराकडे पाहिलं. तिकडे घर होतं, घरात बायको साखराबाई होती. हल्ली ती बोलायची तेव्हा आधी समोर येऊन उभी राहायची, बाहीला धरायची. उतारवयात बाईला माया फुटली म्हणून तो मनातून सुखावला होता. एकदा तर लाजलाही होता. आता इंजिनवर वाकलेला असताना त्याच्या लक्षात आलं की ही माया नेमकी चिमण्या गेल्या तेव्हापासूनची आहे. म्हणजे हिला माहीत आहे. मग लखनला? टपरीवाल्याला? 'कान हाय का मशीन' म्हणताना लखन कुणाकडे बघून म्हणत होता?

लखन पंक्चरची ट्यूब गळ्यात घालून येऊन उभाच होता. "काय मामा, कितवा?"

"थांब बे. घाई हाय का तुला?"

"मला कावून घाई? मी म्हणलं, तुमी झोपेत सुदीक सांगता, आज जागेपणी येळ लागायलाय."

टोमणा होता की कौतुक, ओठांवरून कळत नाही. ते आवाजात असतं. गहिनीनाथने पक्कड घेतली. प्लगच्या वायरी चालू इंजिनवर एकेक करून उपसायच्या; जी काढल्यावर इंजिन आणखी ढासळतं ती चांगली, जी काढून काहीच फरक पडत नाही ती आजारी, हा साधा हिशेब. पण तो ढासळणं ऐकण्याचा हिशेब होता. पहिली काढली. चहा हिंदकळला. दुसरी काढली, चहा हिंदकळला, पण तेवढ्यात बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला आणि सगळं शेडच हिंदकळलं. तिसरी काढली तेव्हा तो चहाकडे बघत नव्हताच, वर्षाराणीच्या कपाळाकडे बघत होता. पण ती पोरगी दुसऱ्यांच्या कपाळाचं काम करणारी, स्वतःच्या कपाळावर तिने काही उमटू दिलं नाही. पुन्हा 'मधला' म्हणावं का? की या वेळी 'कडेचा'? घाट डोळ्यांपुढे आला, पहाटेचा, दवाने चिंब, आणि वळणावर ही आरसेवाली व्हॅन, मागून उसाचे ट्रॅक्टर. वायर परत बसवता बसवता त्याचं मनगट करंट वाटणाऱ्या काळ्या टोपीला घासलं.

आणि त्याला मारलं. मनगटातून कोपरात, कोपरातून दातांत. त्याचा हात असा उडाला की चहाचा ग्लास लखनच्या पायावर गेला.

"आयो! मामा, गरम हाय ना बे— वो!"

गहिनीनाथ मनगट चोळत राहिला. कितीतरी महिन्यांनी कुठली गोष्ट एवढी स्पष्ट, मध्ये काही कापूसबिपूस न ठेवता त्याच्यापर्यंत पोचली होती. वायरीला त्याने हात लावला नव्हता. टोपीच्या अंगाला लागला होता, बाहेरून. टोपीच्या आत फिरणारा करंट बाहेर कशाला येतो? कॉइलकडून येऊन या टोपीत शिरायचं, तिथून तीन वायरींनी तीन प्लगांना जायचं, हा त्याचा रस्ता. तो अंगणात हिंडायला लागला तर घरचे उपाशी राहणारच, आणि दवाच्या ओलीत जास्तच हिंडणार. हे ऐकण्याचं काम नव्हतं. हे बघण्याचं होतं. पण भर दुपारी, पत्र्यावर ऊन थापलेलं असताना, केसाएवढी ठिणगी कोण बघणार?

"साखरे!" त्याने मागच्या दाराकडे बघून हाक मारली. "घोंगडी आण! बापाची!"

साखराबाई घोंगडी घेऊन आली, समोर उभी राहिली, बाहीला धरून म्हणाली, "थंडी वाजायली का काय?" आणि उत्तराची वाट न बघता गेली. घोंगडी काळी, जाड, पाणी न शिरणारी, बाप शहादेव तिच्यात पावसाळे काढायचा. गहिनीनाथने तिची टोकं पंख्याच्या पट्ट्यापासून लांब खोचली, व्हॅनच्या दारातल्या पायरीवर गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं.

बाहेर लखनने काय विनोद केला असेल तो केला असेल. आत मेंढरांचा वास होता आणि पेट्रोलचा. आत अंधार होता, दाट, लोकरीचा, आणि त्या अंधारात इंजिन त्याच्या छातीला लागून धडपडत होतं. आधी काहीच दिसलं नाही. मग त्याला वाटलं, इथेच बरं आहे. इथे कुणी ओठ हलवत नाही. इथे कुणी 'कितवा' विचारत नाही, मान तिरपी करावी लागत नाही. इथे ऐकू न येणं सगळ्यांनाच असतं. बाप पावसात घोंगडीखाली बसून असायचा तेव्हा त्यालाही असंच वाटत असेल का, की आता बाहेर मेंढ्या खोकोत नाहीतर न खोकोत? किती वेळ गेला कोण जाणे. डोळे अंधाराला रुळले, आणि टोपीच्या अंगावर एक निळा धागा चमकला. गेला. पुन्हा चमकला, मुंगीच्या वाटेएवढा, एका वायरीच्या मुळापासून निघून खालच्या लोखंडापर्यंत वळत वळत जाणारा, दर वेळी त्याच वाटेने. धागा चमकला की इंजिन अडखळायचं, छातीला कळायचं. गहिनीनाथ अंधारात एकटाच हसला. दिसतोस की रे. इतके दिवस कुठं होतास, म्हणून त्याने त्या निळ्या धाग्याला विचारलं, आणि ते बहुधा मोठ्याने विचारलं, कारण बाहेरून कुणीतरी घोंगडीवर थापटी मारली.

डोकं बाहेर काढल्यावर ऊन इतकं होतं की सगळेच पांढरे दिसले. "बंद कर," तो म्हणाला, आणि टोपी खोलून उन्हात धरली. काळ्या टोपीला वरून खाली चांगला जाडसर शेंदूर फासलेला होता, तेलात कालवलेला, त्यावर धूळ बसून मळकट झालेला, आणि शेंदरातून खाली काहीतरी ओघळून वाळल्याची चिकट रेघ.

"ह्ये काय ग?"

वर्षाराणीने जीभ चावली. "सासूबाईनी. दसऱ्याला."

"गाडीची पूजा बोनेटवर करतेत. नारळ बंपरवर फोडतेत."

"मी बी त्येच म्हणलं! तर म्हणल्या, पत्र्याला कशाला पुजायचं, आत कोण बसलंय त्ये दाखव. सीट उचलून दाखवलं. तर ह्ये बघितलं अन् म्हणल्या, मधी एक उंच, भवती तीन बुटके, समद्या वायरी इतूनच निघतेत. जितून समद्यांना मिळतंय तितंच देव असणार. ह्योच तांदळा. शेंदूर लावला, नारळ फोडला, अन् पाणी वरून घातलं. मी म्हणलं, न्हाई म्हणून कावून वाद घाला सणाच्या दिवशी." तिने त्याच्याकडे पाहिलं. "त्यानंच का मामा? नारळाच्या पाण्यानं?"

"त्या वाटंनं करंट खाली पळायलाय. दवानं वाट ओली झाली की जास्तच." गहिनीनाथ टोपी फिरवून बघत होता. दिसलेल्या गोष्टीतून देवाची जागा म्हातारीने बरोबर हेरली होती; मिस्त्रीला जी आज सापडली ती तिला दसऱ्यालाच सापडली होती, आणि तिला तर ऐकायचीही गरज पडली नव्हती. "सासूला म्हणावं, देव बरूबर वळखला. फक्त ह्या देवाला कोरडा निवद लागतो."

टोपी पेट्रोलने धुतली, ब्लेडने रेघ खरवडली. खरवडलेल्या जागी मात्र टोपीचं अंग उघडं पडलं होतं. तिथे ओल पुन्हा धरणार. नवीन टोपी बीडहून मागवावी लागली असती. गहिनीनाथने इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "नखाला लावती ती आण. बाटली."

"नेलपॉलिश?"

"त्येच. त्याच्यातून करंट जात न्हाई. दोन हात मारू."

वर्षाराणीने पेटी उघडली, आणि सबंध दिवसात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर आपल्या धंद्याचा उजेड आला. "बिनरंगाची संपली. मरून रंगाची चालंल का?"

"तुझी नवरी हाय, तूच सजव." तिने बारीक ब्रशने, श्वास रोखून, टोपीला दोन हात मारले, फुंकर घातली, उन्हात धरली. लखन म्हणाला, मेहंदी बी काढा. टोपी वाळली तशी गहिनीनाथने ती बसवली, वायरी एकेक करून दाबल्या, बाटलीतलं पाणी तिच्यावर शिंपडलं, पहाट आत्ताच आणावी म्हणून, आणि मान हलवली. वर्षाराणीने चावी फिरवली.

व्हॅन थरथरली आणि चालू झाली. लखन टाळी वाजवत होता. "वा मामा! वा! काय कान हाय बे!" वर्षाराणी स्टेअरिंगवरून मान वळवून त्याच्याकडे बघत होती. दोघंही बघत होते. निकाल त्याने द्यायचा होता, नेहमीसारखा, मान तिरपी करून, डोळे मिटून. त्याने इंजिनवर पालथा हात ठेवला. हाताला वाटलं, बरं चाललंय. हाताला असंही वाटलं, की मध्येच काहीतरी आहे. पण ते इंजिनमध्ये आहे, की रस्त्यावरच्या ट्रॅक्टरमध्ये, की आपल्याच मनगटात, मघाच्या झटक्याचं उरलेलं? हात सांगेना. त्याने डोळे मिटले, सवयीने. आत कापूस. आता 'जा' म्हणायचं की झालं. एक अक्षर. आजवर त्याच्या एका अक्षरावर किती गाड्या गेल्या, घाट उतरल्या, चढल्या. ती पोरगी अंधारात निघेल, त्याच्या कानाच्या भरवशावर, जो कान इथे नाही, कधीचाच नाही. त्याने डोळे उघडले.

"मला ऐकू येत न्हाई," गहिनीनाथ म्हणाला.

वर्षाराणीला वाटलं, इंजिनच्या आवाजामुळे म्हणतायत, ती मोठ्याने म्हणाली, "काय म्हणलात?"

"ऐकू येत न्हाई म्हणलं. लई दिस झाले. मागच्या टायमाला 'मधला' म्हणलो, तो अंदाजानं. आत्ता बी चांगली चालली का न्हाई, मला म्हाईत न्हाई."

सांगून टाकल्यावर काहीतरी कोसळायला पाहिजे होतं. लखन खो खो हसला. "मामा मजाक करायलेत! ताई, खरं मानू नका. आवो, मामाला इतकं ऐकू येतंय, इतकं ऐकू येतंय, की आता बेजार होऊन कान बंद करून ठिवलेत!" आणि तो पळाला, बहुधा टपरीवर सांगायला, गहिनीनाथच्या डोळ्यांसमोर त्याची एक नवी गोष्ट दोन पायांनी रस्ता ओलांडून गेली. संध्याकाळपर्यंत तिला मगर फुटणार होती. वर्षाराणी मात्र हसली नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, चेहरे बघायची तिला सवय होती. कुठे काय झाकलेलं असतं ते तिला कळत असे.

"मंग आता?" ती ओठ नीट हलवत म्हणाली.

"मंग तू ऐक. डोळे मीट. तीन बाया एकाच उखळात कांडायल्यात असं समज. एकीचं मुसळ खाली, दुसरीचं वर, तिसरीचं निघालेलं. आवाज मोठा का बारका, त्ये बघू नको. पाळी चुकती का, त्ये ऐक."

तिने डोळे मिटले. गहिनीनाथ तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला, आणि हे उभं राहणं त्याला आठवत नव्हतं इतकं जुनं होतं: आपल्या इंजिनचं काय, हे दुसऱ्याच्या तोंडून कळायची वाट बघणं. गिऱ्हाइकं एवढी वर्षं अशी उभी राहात होती तर. तिच्या भुवया जवळ आल्या. ट्रॅक्टर आला, गेला. भुवया जवळच.

"मामा," ती डोळे न उघडता म्हणाली, "एक पाळी चुकती. सारखी न्हाई. दोन-चारदा बराबर पडतंय, मंग एकजण मुसळ उचलायचंच इसरती."

म्हणजे होतंच. हाताला वाटलं ते होतं. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याच्या अंगात जुना मिस्त्री जागा झाला. "कितवी ती शोधू. मी एकेक दाबतो. बदल झाला की सांग." त्याने पक्कडीने पहिल्या वायरीचं बूड दाबलं. तिने मान हलवली, नाही. दुसरं दाबलं.

"आं! आत्ता टक् वाजलं काहीतरी!"

गहिनीनाथ थांबला. टोपीच्या खाचेत वायर पुरती बसली की टक् होतं. मघाशी बसवताना ते झालं नव्हतं, आणि झालं नाही हे त्याला कळलं नव्हतं. ती खाचेत नुसती टेकून राहिली होती, घाटातल्या पहिल्याच खड्ड्यात सुटली असती. आता टक् झालं. पोरगी म्हणते, झालं.

"आता?"

"आता तिघी हायत," वर्षाराणी म्हणाली. तिचा चेहरा मोकळा झाला होता. "एकीमागं एक. कोणच थांबंना. मामा, ऐकाय लई ग्वाड लागायलंय वो."

"मंग जा उद्या," गहिनीनाथ म्हणाला. हात त्याने इंजिनवरून काढून घेतला होता.

ती डोळे उघडायला लागली तशी तो घाईने म्हणाला, "थांब जरा. इंजिन बंद कर, अन् डोळे मिटलेलेच ऱ्हाऊ दे. आणखी काय ऐकू येतंय?"

"आणखी?" तिने चावी फिरवली. व्हॅनची थरथर थांबली. "त्यो हवा भरायचा पाइप सू सू करायलाय. लखनभाऊ टपरीवर हसायलेत. लांब कुटंतरी बोकड वरडायलंय." ती थांबली, मान जराशी मागच्या दाराकडे वळली. "अन् मामी बोलायल्यात आत."

"कुणासंगं?"

"तुमच्यासंगं."

गहिनीनाथने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. "काय म्हणती?"

वर्षाराणीने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं, सांगू की नको असं. मग पुन्हा मिटला. "म्हणायल्यात, भाकरी गार झाली. म्हणायल्यात, घोंगडीत डोकं घालून बसला, बापाचं समदं उचललं. म्हणायल्यात..." तिचा आवाज बारीक झाला असावा, कारण ओठ जेमतेम हलले. "ऐकू येत न्हाई तर न्हाई, मी काय बोलायचं थांबते व्हय."

अंगावरच्या कपड्यांना हात पुसून गहिनीनाथ शेडच्या मागच्या दारातून आत गेला आणि चुलीपाशी, साखराबाईच्या पुढ्यात, तिचं तोंड नीट दिसेल असा जमिनीवर बसला.

"पयल्यापासून सांग," तो म्हणाला.